चिंग लान सोलापूरला येते

मंडळी, गेले दीड-दोन महिने इथे काही लिहिलं नाही. गुडघा दुखत होता हे एक कारण, पण ते खरं कारण नव्हे. घरात एका लग्नाचा विषय निघाला होता आणि त्याबद्दल माझंच मन साफ होईपर्यंत दुसरं काही सुचेना. हे वाचणाऱ्यांतले निम्मे लोक त्याच घरातले, त्यामुळे लिहावं की नाही असंही झालं. शेवटी जिचं लग्न आहे तिलाच फोनवर विचारलं. ती म्हणाली, "मामाआजोबा, लिहा की! माझं नाव तेवढं नका घालू."

तर नाव घालत नाही. ही माझ्या भाचीची मुलगी. जन्म इंग्लंडातला, राहते मँचेस्टरला, काम फिजिओथेरपीचं. (माझ्या गुडघ्याचे व्यायाम तीच व्हिडिओवर करून घेते आणि मी चुकारपणा केला की माझ्याच सुरात रागावते.) तिने ज्याच्याशी लग्न ठरवलं आहे तो मुलगाही तिथेच जन्मला. त्याचे आईवडील घानाहून आलेले. तो तिकडच्या रेल्वेत सिग्नलचं काम बघतो. आणि तो काळा आहे. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलं, कारण दोन महिने आमच्याकडे सगळे हा शब्द सोडून बाकी सर्व काही बोलत होते. "संस्कृती फार वेगळी", "पुढे मुलांचं काय", "फार लांब पडेल". लांब? अहो, पोरगी जन्मलीच तिथे!

त्या बोलण्यात मीही होतो. बोललो नाही, पण गप्प बसलो. मास्तरचं गप्प बसणं काय असतं ते वर्गातल्या पोरांना बरोबर कळतं, आणि तिलाही ते कळलं. तिने भांडण केलं नाही. एका सिनेमाचं नाव पाठवलं, 'अ युनायटेड किंगडम', आणि खाली लिहिलं, "तुम्ही इतिहासाचे सर ना? मग हा बघा."

मुलाने टीव्हीवर लावून दिला आणि मी बघितला. २०१६ चा चित्रपट, दिग्दर्शिका अम्मा असांते. सेरेत्से खामा आणि रूथ विल्यम्स यांची ही खरी गोष्ट. मी चाळीसेक वर्षं इतिहास शिकवला, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, हे कबूल करतो. आमच्या पुस्तकांत आफ्रिका म्हणजे वसाहतींचा नकाशा आणि गांधीजींचा सत्याग्रह.

सेरेत्से हा बेचुआनालँडमधल्या बामांग्वातो लोकांच्या गादीचा वारस. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता, म्हणून काका त्शेकेडी गादी सांभाळत होता. काकाने पुतण्याला शिकायला विलायतेला पाठवलं. आपण नाही का पाठवत? तिथे त्याला रूथ भेटली. ती लंडनमधली साधी कारकून, गोरी. १९४८ च्या सप्टेंबरात दोघांनी लग्न केलं, तेही रजिस्टर पद्धतीने, कारण चर्चमधलं लग्न लंडनच्या बिशपनेच अडवलं होतं. काका संतापला. सेरेत्से सेरोवेला परत गेला आणि भर सभेत, हजारो माणसांसमोर, आपली बाजू मांडली. एकदा नव्हे, अनेकदा. १९४९ च्या जूनमध्ये सभेने त्याच्या बाजूने कौल दिला. गोरी सून चालेल, आमचा राजा आम्हाला हवा, असं लोकच म्हणाले.

मग अडचण कोणाला होती? इंग्रज सरकारला. शेजारी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदवाल्यांचं नवं सरकार आलं होतं. काळ्या-गोऱ्यांचं लग्न हा त्यांनी १९४९ साली गुन्हाच ठरवला होता. सोनं आणि युरेनियम त्यांच्याकडे, मग त्यांना दुखवायचं कसं? इंग्रजांनी चौकशी नेमली, अहवाल अडचणीचा निघाला तो दाबून ठेवला, सेरेत्सेला बोलणी करायला म्हणून लंडनला बोलावलं आणि परतीची वाट बंद केली. १९५६ साली गादीवरचा हक्क सोडल्यावर त्याला बायकोसह घरी जाता आलं. दहा वर्षांनी देश स्वतंत्र झाला, बोट्स्वाना असं नाव मिळालं आणि सेरेत्से पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. तो १९८० साली गेला. रूथ माहेरी परत गेली नाही, २००२ साली तिथेच वारली. २००८ मध्ये त्यांचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला.

चित्रपट चांगला आहे. थोडा गुळगुळीत आहे, पण चांगला आहे. मला मात्र बघताना त्या नवरा-बायकोपेक्षा काकाच जास्त दिसत होता. त्शेकेडी दुष्ट नव्हता. पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं, राज्य नीट चालवलेलं, इंग्रजांपुढे मान न झुकवणारा माणूस. पण या एका बाबतीत तो आणि इंग्रज एकाच बाजूला जाऊन बसले. आपल्या मराठीत तशीही या नात्यांची कीर्ती बरी नाही. काका म्हणावं तर राघोबादादा, मामा म्हणावं तर कंस नि शकुनी. आणि मी तर मामाआजोबा!

पुढे काका-पुतण्यांचं जमलं, असंही इतिहास सांगतो. त्यात सात-आठ वर्षं गेली.

रात्री झोप लागेना. विठ्ठलवाडी स्टेशनात शेवटच्या गाड्या थांबतात तोपर्यंत जागा होतो, आणि कुठून कोण जाणे, एक जुना काळा-पांढरा चित्रपट डोळ्यांपुढे आला. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. म्हटलं, या पोरीने मला आफ्रिकेपर्यंत नेलं, पण हे तर आपल्या सोलापूरलाच घडलेलं आहे!

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१० चा, सोलापूरचा. मुंबईत परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली, तेव्हा चिनी सेनानी जू द यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीसांचं वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परत जा, असं सोबत्यांनी सांगितलं. ते गेले नाहीत.

उत्तरेच्या डोंगराळ भागात आठव्या मार्ग सेनेबरोबर त्यांनी काम केलं. कधी देवळात, कधी शेतकऱ्याच्या घरात शस्त्रक्रिया. १९४० साली एका लढाईत तर बहात्तर तास ते जखमींवर शस्त्रक्रिया करत उभे होते म्हणतात. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे ते संचालक झाले. बेथ्यून हे कॅनडाचे डॉक्टर, असेच तिथे जाऊन सेवा करताना मेलेले. त्यांच्या समाधीच्या उद्घाटनाला कोटणीस आले होते, आणि तिथे त्यांना ग्वो छिंगलानने पहिल्यांदा पाहिलं. ती परिचर्या शिकवणारी होती. हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, एवढंच नव्हे तर लिहितोही, याचं तिला नवल वाटलं. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. 'आणि एक परतला नाही', असाच त्याच्या नावाचा अर्थ. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट केला. स्वतः कोटणीस झाले आणि जयश्रीबाई झाल्या चिंग लान. शांतारामबापूंचं राजकमल परळला, कोटणिसांचं कॉलेज परळला. चीन उभा राहिला तो परळलाच.

मी तो पाहिला आणीबाणीच्या आगेमागे. मी नुकताच नोकरीला लागलेला. तेव्हा सोळा मिलिमीटरचं यंत्र घेऊन शाळाशाळांतून चित्रपट दाखवणारे लोक फिरत. हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला. रीळ दोनदा तुटलं. चिनी माणसं फाडफाड हिंदी बोलतात म्हणून मागच्या बाकांवरची मुलं हसत होती, पण शेवटाला मात्र हॉल शांत झाला.

तो शेवट माझ्या मनात पक्का आहे. मरणाच्या दारात असलेला डॉक्टर बायकोला आपलं गाव, आपलं घर सांगतो आहे. तू अशी जाशील, हे असं दिसेल, माझी माणसं अशी भेटतील. आणि आपल्याला दिसते ती चिंग लान, बाळाला घेऊन त्या घराकडे चाललेली. तो नाही, नुसता त्याचा आवाज. बापूंना प्रेक्षकाला रडवायचं कसं ते पुरतं ठाऊक होतं. माझ्या शेजारी बसलेल्या गणिताच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि मीही अंधाराचा फायदा घेतला.

दुसऱ्या दिवशी नववीत त्यावर तास घेतला. त्याग, सेवा, आंतरराष्ट्रीय बंधुभाव वगैरे फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. "सर, तिला मराठी येत होतं का?"

मी म्हटलं, कोणाला?

"त्या चिनी बाईला. ती सासूशी काय बोलली असेल?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढे गेलो. शिक्षकाची चूक सहसा अशीच होते, नेमका प्रश्न हसण्यावारी जातो. तो प्रश्न या महिन्यात माझ्याकडे परत आला.

कारण खऱ्या आयुष्यात ती तेव्हा आलीच नाही. बाळाला घेऊन सोलापूरला येणं हे पडद्यावरचं. खरी छिंगलान लढाई चालू असलेल्या मुलखात तान्हं मूल घेऊन राहिली. जपानशी युद्ध संपल्यावर यादवी सुरू झाली, १९४९ ला राज्य बदललं. पुढे तिने पुन्हा लग्न केलं, तिला आणखी मुलं झाली. भारतात ती नंतर आली, एकदा नव्हे, अनेकदा. कोटणीस कुटुंबाशी तिचा जिव्हाळा शेवटपर्यंत टिकला. २००६ साली चीनचे अध्यक्ष हू जिंताव आले तेव्हाही ती त्यांच्यासोबत होती, नव्वदीची म्हातारी! यिनहुआ मात्र राहिला नाही. वडिलांसारखा डॉक्टर व्हायला निघालेला तो मुलगा शिक्षण संपत आलं असताना १९६७ साली गेला. छिंगलान २०१२ साली दालियन शहरात वारली.

म्हणजे शांतारामबापूंनी खोटं दाखवलं का? तसं मी म्हणणार नाही. १९४६ साली पुढचं कुणाला माहीत होतं! पण त्यांनी केलं काय, ते बघा. खरी गोष्ट अशी की आपला मुलगा तिकडे गेला आणि तिकडचा झाला. त्यांची भाषा शिकला, त्यांच्यात जेवला, त्यांच्या पक्षाचा सभासदही झाला. त्यांनी त्याला नाव दिलं के दिहुआ. त्याच नावाने तिथली पोरं आजही त्याला ओळखतात. पुरलाही तिथेच, आणि पुढे शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्याची समाधी झाली. सोलापूरला त्याच्या जुन्या घरात स्मारक आहे, पण माणूस तिकडेच आहे. ती त्याच्या घरी आली नाही, तो तिच्या घरी गेला. चित्रपटाने शेवटच्या पाच मिनिटांत हे उलटं केलं आणि तिला आपल्या उंबरठ्यावर आणून उभं केलं. आणि आपण रडलो. कारण सून दारात आली की आपल्याला ती गोष्ट ओळखीची वाटते. माप ओलांडायचं असतं, ओटी भरायची असते, नाव बदलायचं असतं.

नावावरून आठवलं. इंदूरचे तुकोजीराव होळकर. गादी सोडल्यावर १९२८ साली त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. केवढं वादळ उठलं होतं! शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिची शुद्धी केली आणि ती झाली शर्मिष्ठा. ज्ञानकोशकार केतकरांची पत्नी एडिथ कोहन, जर्मन ज्यू घरातली, ती झाली शीलवती. या बाई नुसत्या शीलवती होऊन बसल्या नाहीत. विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला, आणि पुढे मराठीत आत्मकथन लिहिलं, 'मीच हे सांगितलं पाहिजे'. नाव बघा त्या पुस्तकाचं! केतकरांविषयी जगाने खूप सांगितलं असेल, पण हे मीच सांगितलं पाहिजे. मिळालं तर जरूर वाचा. छिंगलाननेही म्हातारपणी आपल्या आठवणींचं पुस्तक केलं. चाळीसच्या दशकात मात्र तिची गोष्ट अब्बासांनी लिहिली, बापूंनी दाखवली आणि जयश्रीबाईंनी केली.

जयश्रीबाईंची तर पुढे आणखी गंमत आहे. त्यांची नि बापूंची मुलगी राजश्री, 'ब्रह्मचारी'ची नायिका. 'अराऊंड द वर्ल्ड'च्या चित्रीकरणासाठी अमेरिकेत गेली असता तिला तिथला एक तरुण भेटला. त्याच्याशी लग्न करून, ऐन भरातलं काम सोडून ती कायमची अमेरिकेला गेली. पडद्यावर परक्या देशातली सून झालेल्या बाईची मुलगी खरोखरच परक्या देशातली सून झाली. हिच्यावर कुणी चित्रपट काढला नाही. आपली मुलगी उंबरठा ओलांडून बाहेर जाते, ही गोष्ट आपल्याला सांगताच येत नाही बहुतेक.

आता थोडं अवघड लिहायचं आहे.

आमच्याकडे परदेशी माणूस पहिल्यांदा येतो आहे असं नाही. नव्वदच्या दशकात आमच्याच एका चुलत घरातल्या मुलाने अमेरिकन मुलगी केली. तेव्हा काय झालं, आठवतं ना मंडळी? तिला नऊवारी नेसवली, नथ घातली, डोंबिवलीच्या हॉलमध्ये तिच्याबरोबर फोटो काढायला रांग लागली. ती "नमस्कार" म्हणाली तर टाळ्या पडल्या. तेव्हा संस्कृती वेगळी नव्हती का? तेव्हा पुढच्या मुलांचं काय, हे कुणी विचारलं? परवा एका नातेवाइकांनी मला फोनवर म्हटलं, "गोरा असता तर एक वेळ..." आणि वाक्य सोडून दिलं. वय त्यांचं माझ्याएवढंच. मी त्यांना दोष देत नाही, कारण ते वाक्य माझ्याही मनात पूर्ण झालं होतं. त्यांनी निदान अर्धं तरी उच्चारलं.

आणि माझा हिशेब त्याहून जुना आहे. कल्याणच्या पुढे आमची विठ्ठलवाडी, तिच्यापुढे उल्हासनगर. महायुद्धाच्या वेळचा हा लष्करी कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली माणसं इथल्या बराकींत राहिली, आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर नाव मिळालं. आम्ही अजूनही 'कॅम्प'च म्हणतो. माझी एक आतेबहीण. एकत्र वाढलो, सागरगोटे खेळलो, तिच्या वहीवर मी मुखपृष्ठं रंगवली. तिने १९७८ साली कॅम्पातल्या एका सिंधी मुलाशी लग्न केलं. वंश वेगळा नाही, धर्म वेगळा नाही, वर्ण तर त्याचाच जास्त उजळ. तरी आमच्या घरून कोणी गेलं नाही. मला तिने स्वतः येऊन सांगितलं होतं, "तू तरी ये." मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. मार्च-एप्रिलचे दिवस होते, पेपर खरंच होते. पण रविवार होता.

विठ्ठलवाडीहून उल्हासनगर एक स्टेशन. गाडीला चार-पाच मिनिटं. त्या एका स्टेशनाला मला तेवीस वर्षं लागली. गेलो तेव्हा ती आजारी होती. दार तिच्या सासूने उघडलं, फार म्हातारी बाई. मला ओळखायचं काही कारण नव्हतं. मी नाव सांगितलं तर ती आत वळून मोठ्याने म्हणाली, "तुझा भाऊ आला गं!" चांगलं स्वच्छ मराठी. सिंधी वळणाचं, पण मराठी. सुनेला सासूची भाषा येते का, हा प्रश्न माझ्या विद्यार्थिनीने विचारला होता. इथे सासूच सुनेची भाषा शिकून बसली होती. मला गोड बुंदी आणि पापड दिला. पापड आधी, पाणी नंतर, त्यांच्यात तशी पद्धत. बहीण मला काही बोलली नाही. फक्त जाताना म्हणाली, "पेपर झाले का रे तपासून?"

ती पुढच्या वर्षी गेली.

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. तिची मुलं हे वाचतात की नाही कल्पना नाही. वाचत असतील तर त्यांनी त्यांच्या आजीचा तो पापड आठवावा.

तर मूळ विषयाकडे येतो. १९६२ च्या युद्धात मी शाळकरी पोर होतो. संरक्षण निधीसाठी आम्ही दारोदार डबे फिरवले आणि 'चिनी' ही शिवीच झाली. भारतात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना तेव्हा राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. त्यांत बायका होत्या, मुलं होती. मोठेपणी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा चिंग लान आठवली. समजा, चित्रपटातल्यासारखी ती १९४३ सालीच बाळाला घेऊन सोलापूरला आली असती आणि राहिली असती, तर १९६२ साली वीस वर्षांच्या यिनहुआला आम्ही डबेवाल्या पोरांनी काय म्हणून हाक मारली असती? चित्रपट तिला दारापर्यंत आणून थांबतो, ते बापूंच्या दृष्टीने बरोबरच आहे. दाराच्या आतलं दाखवायला दुसरा चित्रपट लागला असता.

आमच्या नातीचं लग्न डिसेंबरात मँचेस्टरला आहे, आणि जानेवारीत इकडे डोंबिवलीला स्वागत समारंभ. तिचे आजोबा, म्हणजे माझे मेहुणे, यांनी पत्रिकेत नाव घालायला नकार दिला आहे. त्यांच्याशी मी भांडलो नाही. ते आयुष्यभर रेल्वेत सिग्नल खात्यात होते. मी त्यांना एवढंच सांगितलं, की नवरा मुलगा तुमच्याच खात्यातला आहे, इंटरलॉकिंगबद्दल त्याला काही विचारायचं असेल तर फोन नंबर देतो. ते काही बोलले नाहीत. पण नंबर पाठवा असं दोन दिवसांनी बहिणीकरवी कळवलं. बघू या. त्शेकेडीला सात-आठ वर्षं लागली होती, मला तेवीस. मेहुणे आमच्यापेक्षा हुशार आहेत.

पत्रिकेत निमंत्रक म्हणून आता माझं नाव आहे. मजकूरही मीच लिहायचा, कारण ऱ्हस्व-दीर्घाची भीती घरात बाकी सगळ्यांना. मुलीने एक अट घातली आहे की मुलाचं नाव आपल्या सोयीचं करायचं नाही, ते म्हणतात तसंच छापायचं. त्याचं आडनाव इंग्रजीत वाचून मी तीन प्रकारे लिहून पाहिलं, तिन्ही चूक निघाले. शेवटी काल संध्याकाळी त्याच्या आईला फोन लावून दिला. बाई मोठ्या हसऱ्या. त्यांनी आडनाव सावकाश, तोडून तोडून चार वेळा म्हणून दाखवलं, मी ऐकून लिहिलं आणि परत म्हणून दाखवलं. चौथ्या वेळेला त्या "हां, हां, तेच!" अशा अर्थाचं काहीतरी ओरडल्या आणि मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मला माझं आडनाव विचारलं. ते त्यांना सहा वेळा सांगावं लागलं, आणि 'ळ' त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. उद्या पुन्हा फोन करणार आहेत.